लाईन पडू दिली नाही

सात महिने मुके असलेले यशवंतबुवा निमकर बोलले, आणि त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "दिनकर".

तोंडून म्हणायचं ते आपल्या सवयीनं. ओठ हललेच नव्हते. आवाज आला तो खाटेशेजारच्या छोट्या स्पीकरमधून. पण आवाज बुवांचाच, किंचित घोगरा, शब्दाच्या शेवटी खर्जात उतरणारा. काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसलेल्या ऋतुजाचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी मनात एक बारीकसं कुसळही टोचलं. मुलगी मी. हे सगळं जुळवून आणलं मी. आणि हाक कुणाला, तर कीर्तनात मागे उभं राहून ध्रुपद धरणाऱ्या झीलकऱ्याला!

दिनकर गुरव खाटेच्या उशाशी उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण आवाज ऐकताच विशीतल्या पोरासारखा पुढे वाकला.

"हाय की बुवा. हितंच हाय. कुठं जातोय?"

स्पीकर पुन्हा बोलला, "उत्तररंग... राहिलाय."

कीर्तनाला बसलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पूर्वरंगात बुवा एखादं पद घेतात, त्याचं निरूपण करतात, मग जरा विसावा होतो. बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. आणि मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, ज्यासाठी म्हाताऱ्या बायका सांजवात उरकून देवळात जागा धरतात. शेवटी आरती. आरती झाली की कीर्तन पुरं झालं. निमकरांच्या घरात अर्धं कीर्तन टाकणं म्हणजे देवाला पानावर बसवून उठवण्यासारखं. आणि बुवांना झटका आला होता तो नेमका हार घालून घेण्यासाठी मान वाकवताना, मारुतीच्या देवळात, चैत्राच्या उत्सवात. मान वाकली ती वर आलीच नाही.

डॉक्टरांनी नंतर ऋतुजाला चित्र काढून दाखवलं होतं. मेंदूच्या देठापाशी रक्त अडलं, आणि वरून शरीराकडे उतरणारी वाट तेवढी बंद झाली. वरचं सगळं जागेवर होतं. ऐकू येत होतं, आठवत होतं, हजारो पदं पाठ होती, पण पापणीखेरीज काही हलत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी अशा माणसाला पापण्या मिटून 'हो-नाही' करण्यापलीकडे काही नसायचं. आता मिरजेत 'वाचा केंद्र' होतं. कवटीच्या आत, जीभ आणि ओठांना हुकूम देणाऱ्या भागावर कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ जाळी बसवायची. माणसानं मनात शब्द उच्चारायला घेतला की तिथं वीज सळसळते. ती तळघरातलं मोठं गणनयंत्र वाचतं आणि माणसाच्या जुन्या ध्वनिफितींवरून घडवलेल्या आवाजात बोलून दाखवतं.

गणनयंत्र आणि खाटा यांच्यामध्ये होता स्विच. आणि स्विच म्हणजे ऋतुजाचं राज्य.

नातेवाइकांना समजावताना ती देवळाचाच दाखला द्यायची. "गाभारा लहान, दर्शनाला गर्दी. दाराशी गुरव उभा. कोण आत गेलंय, कुणाला कुठवर जायची मुभा, कोण कधीचा आत बसून राहिलाय, सगळं तो बघतो. तसा हा स्विच."

"म्हंजे आमच्याच जातीचा," दिनकरकाका म्हणाले होते आणि सगळा वॉर्ड हसला होता.

वायरींच्या दुनियेत हा रिवाज फार जुना. ऑपरेटर स्विचमध्ये लॉगिन करतो. त्याला एक लाईन मिळते, आणि कमांड कुठपर्यंतच्या द्यायच्या याची पायरी मिळते. लाईनी मोजक्याच. म्हणून बराच वेळ काही टाइप झालं नाही की स्विच समजतो, हा चहाला गेला आणि खुर्ची अडवून ठेवली, आणि तो लाईन काढून घेतो. वाचा केंद्रानं हाच नियम माणसांना लावला. गणनयंत्र एका वेळी आठच मनं वाचू शकायचं आणि खाटा होत्या वीस-बावीस. दहा मिनिटं रुग्णाकडून शब्द आला नाही, तर लाईन पडायची, रांगेतल्या पुढच्याला मिळायची आणि सिस्टरच्या टेबलावर घंटा वाजायची. ही घंटा डॉक्टर तांबोळींनी हट्टानं बसवून घेतली होती. ते म्हणायचे, "यांना ओरडता येत नाही. यांचं गप्प होणं हेच यांचं ओरडणं." झोप लागली असेल, थकवा असेल, घशात लाळ अडकली असेल, काय ते सिस्टरनं जाऊन बघायचं.

रुग्णाच्या खालची पायरी नातेवाइकाची. यंत्रानं एखादा शब्द चुकीचा पकडला तर उशाच्या टर्मिनलवरून तो दुरुस्त करायचा, एवढाच त्यांना अधिकार. सुरुवातीला दुरुस्ती करता करताच लाईन पडायची, आणि लोक चिडायचे. म्हणून ऋतुजानं नियमात एक ओळ घातली: नातेवाइकानं दाबलेली कळसुद्धा हालचाल म्हणून धरावी. सगळ्यांनी तिला पेढे आणून दिले. तिलाही वाटलं, बरं काम झालं.

बुवांनी आख्यान बांधायला घेतलं. पुढच्या चैत्रात देवळात कर्णे लावायचे आणि खाटेवरून उत्तररंग पुरा करायचा, असं ठरलं.

आख्यान त्यांचं स्वतःचं होतं, कुठल्या पोथीतलं नव्हतं. देवळाच्या दारावर राखण करणारा एक म्हातारा. जन्मभर लोकांना आत सोडलं, पण आपण एकदाही आत गेला नाही, कारण तो आत गेला तर दारावर कोण? ध्रुपद तयार झालं पहिल्याच आठवड्यात: *दारी बसू दे रे देवा, आतला तू, दारचा मी.* दिनकरकाकांनी झांज हळूच किणकिणवून ते म्हणून दाखवलं.

"दिन्या," स्पीकर म्हणाला, "तो 'मी'... नाकात... चढवतोस."

"सात महिन्यांनी तोंड उघडलं आणि पहिली तक्रार ही! बुवा, मी नाकातच गातो. चाळीस वर्षं तुमचा आवाज बरा वाटला तो कुणामुळं?"

स्पीकरमधून हसू येत नसे. पण बुवांच्या डाव्या पापणीच्या कडेला पाणी जमलं, आणि ऋतुजाला ते हसणं आहे हे कळलं.

अडचण होती ती बुवांच्या शांत बसण्याची. ते बोलायचे, मग विचारात बुडायचे. कीर्तनातही त्यांचं असंच. एखादं वाक्य टाकायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. मागे दोन पावलांवर उभे असलेले दिनकरकाका ध्रुपद उचलायचे, सभा गायला लागायची, आणि कुणाला समजायचंही नाही की बुवा पुढची ओवी शोधताहेत. इथं मात्र दहा मिनिटं झाली की लाईन पडायची. लाईन परत मिळाली की यंत्राला मन पुन्हा ओळखायला लागायचं. पडद्यावर एकेक शब्द येणार, 'आई', 'पाणी', 'भात', 'हात', आणि बुवांनी तो मनात उच्चारायचा. पन्नास शब्द. ते होईपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम डवरायचा आणि बोलायची ताकद संपलेली असायची.

एका दुपारी लाईन तिसऱ्यांदा पडली. परत मिळाल्यावर बुवा म्हणाले, "बालवाडीत... घातलंय... मला," आणि नंतर गप्पच झाले.

दिनकरकाका काचेच्या खोलीत आले. टोपी हातात.

"ऋतू, पोरी, हे सारखं पडतंय बघ. बुवा रडल्यात. ह्येला थोपवायचं काय हाय का तुझ्याकडं?"

ऋतुजा त्या वेळी दुसऱ्याच कसल्यातरी बिघाडात गुंतली होती. तिनं मान वर न करता हसत सांगितलं, "त्यात काय काका! टर्मिनलची कुठलीही कळ दाबा. कुणाचं बोट आहे ते त्याला कळत नाही."

"कुठलीबी?"

"कुठलीबी."

काकांचा चेहरा असा उजळला, जणू देवाचं अक्षयपात्र हाती लागलं. "मग तर सोपं हाय. हे तर आपलं रोजचंच काम."

त्या दिवसापासून बुवांची लाईन पडली नाही. काका उशामागे स्टूल टाकून बसायचे. कीर्तनात त्यांची जागा बुवांच्या मागेच, म्हणून इथंही त्यांनी मागचीच जागा धरली. डाव्या हातात झांज, उजव्या हाताचं बोट कळीवर. बुवा गप्प झाले की काका हलक्या आवाजात ध्रुपद धरायचे आणि तालावर कळ दाबायचे. आख्यान धाग्याधाग्यानं पुढं सरकू लागलं. ऋतुजा काचेतून बघायची आणि तिला लहानपणीचा देवळाचा ओटा आठवायचा. झोप आली तरी ती आईच्या मांडीवरून हलायची नाही. आपला बाप मध्येच थांबला तरी बुडणार नाही, मागून कुणीतरी धरेल, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं.

आख्यानाचा शेवट मात्र बुवांनी कुणाला सांगितला नाही.

"मला तरी सांगा, बाबा," ती एकदा म्हणाली.

"देवळात... ऐक."

चैत्र आला. हनुमान जयंतीच्या संध्याकाळी मारुतीच्या देवळासमोर मांडव भरला. समईशेजारी बुवांची पगडी आणि उपरणं ठेवलं, त्यावर हार घातला. गेल्या वर्षी राहिलेला हार. वॉर्डात बुवांच्या कपाळाला ऋतुजानं बुक्का लावला, नमस्कार केला आणि ती काचेच्या खोलीत परतली. दिनकरकाका नेहमीसारखे उशामागच्या स्टुलावर, झांज आणि कळ सांभाळून. त्या दिवशी तिचीच पाळी होती. ती मागून घेतली होती तिनं. बापाच्या कीर्तनाच्या वेळी स्विच दुसऱ्या कुणाच्या हाती नको.

पडद्यावर नेहमीची यादी होती. आठ लाईनी, आठ नावं, आणि प्रत्येकापुढं आकडा: किती मिनिटं शांत. कुणापुढं दोन, कुणापुढं सहा. यशवंत निमकर यांच्यापुढं शून्य.

बुवा बोलायला लागले. गावातला आवाज फोनवरून खोलीत परत येत होता, त्यामुळे बापाचं प्रत्येक वाक्य तिला दोनदा ऐकू यायचं, एकदा इथं आणि एकदा माणसांच्या मध्ये. दारावरचा म्हातारा थकला. हिवाळा आला. एका पहाटे त्याला उठवेना. दार उघडायची वेळ झाली आणि दार उघडेना. भक्त बाहेर कुडकुडताहेत. आत गाभाऱ्यात देवाला पहिल्यांदाच जाणवलं की आज घंटा वाजली नाही.

"आणि मग," बुवा म्हणाले, "देव... उठला..."

आणि थांबले.

मांडव श्वास रोखून बसला. मग उशामागून दिनकरकाकांची झांज वाजली. *दारी बसू दे रे देवा.* गावानं ध्रुपद उचललं. बायकांचे आवाज वर गेले, पखवाजानं लय धरली. *आतला तू, दारचा मी.* ऋतुजानं यादीकडे पाहिलं. शून्य. बुवा आहेत. काय बांधलंय बाबांनी, सभेलाच गायला लावलं! तिनं पदरानं डोळे टिपले. लय वाढली. फोनवरून टाळ्या येत होत्या. शून्य. एकदा तिच्या मनात आलं की आज जरा लांबलंय. पण देव आसनावरून उठून दारापर्यंत चालत जायला वेळ लागणारच, असं तिचं तिनंच मनाला सांगितलं, आणि तीही गुणगुणू लागली.

फेरीवर आलेल्या सिस्टर रेबेका सातपुते खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या हातातला ट्रे खाली पडला.

बुवांचे डोळे उघडे होते, पण दोन्ही बुबुळं एका बाजूला ओढली गेली होती. दुसरा झटका. डॉक्टर तांबोळी धावत आले. नाडी होती, श्वास होता. गुठळी काढायला लगेच खाली नेलं. गावात ध्रुपद अजून चालूच होतं. कुणीतरी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुवा गेले.

"रक्त अडल्याला अर्धा तास तरी झाला होता," डॉक्टर व्हरांड्यात म्हणाले. "पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं तर... असो. पण घंटा कशी नाही वाजली, ऋतुजा?"

"बघते," ती म्हणाली. तिला माहीत होतं.

दिनकरकाका भिंतीला टेकून बसले होते. तिला पाहून उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. मान ताठ होती.

"आख्यान राहिलं ग. पण एक सांगतो पोरी, लाईन एकदाबी पडू दिली न्हाई. शेवटपातूर धरली."

तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं.

तेराव्याला गाव जमलं. देवळात काकांना नारळ आणि उपरणं दिलं. खाटेवरच्या बुवांना अखेरपर्यंत साथ केली म्हणून सरपंच बोलले, बायका रडल्या. कुणीतरी म्हणालं, आता आख्यान तुम्हीच पुरं करा. काकांनी हात जोडले, "मला फक्त झील शिकवली बुवांनी. फुडं काय व्हतं ते त्यांनाच ठावं." ऋतुजा खांबाआड उभी होती. सांगायचं तर आज नाही, हे तिनं ठरवलं. मग वाटलं, कशाला सांगायचं? म्हाताऱ्याला किती दिवस राहिलेत? हे तिच्याजवळच राहू दे. बाबा परत येणार नाहीत. अशा विचारानं तिला जरा हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची लाजही वाटली.

ती कामावर परतली त्या सकाळी आधी देवाला नमस्कार केला, मग पडदा सुरू केला.

यादी आली. आठ लाईनी, आठ नावं. आठही नावांपुढं शून्य.

ती बघतच राहिली. सकाळची वेळ, अर्धे रुग्ण या वेळी पेंगत असतात. मिनिटभर थांबून तिनं यादी पुन्हा मागवली. शून्य, शून्य, सगळी शून्यं. आठ माणसं सलग, न थांबता बोलताहेत? अशी यादी तिनं आजवर पाहिली नव्हती. जिवंत माणूस मधूनमधून थांबतोच.

ती वॉर्डाकडे धावली.

लाईन असलेल्या प्रत्येक खाटेच्या उशामागे एकेक नातेवाईक स्टूल टाकून बसला होता. बोट कळीवर. कुणी पेपर वाचतंय, कुणी फोनवर बोलतंय, आणि बोट आपोआप खालीवर. मधल्या वाटेत दिनकरकाका चहाची किटली घेऊन फिरत होते. बुवा गेले तरी घरी करमत नव्हतं, म्हणून ते रोज येत होते.

"ये की," ते म्हणाले. "सगळ्यांस्नी शिकवलं बघ. आठ दिवस झालं, वॉर्डात एक लाईन पडली न्हाई. सिस्टर म्हणत्यात, घंटाच मुकी झाली!"

ऋतुजा एकेका खाटेसमोर जाऊन चेहरे पाहू लागली. पहिला जागा, त्यानं पापणी मिटून उघडली. दुसरी झोपलेली. तिसऱ्या खाटेवर पद्मावती हेरवाडे, गणिताच्या शिक्षिका. त्यांचे ओठ निळे पडत चालले होते.

"सिस्टर!"

रेबेका आल्या, कूस वळवली, नळी घातली, घशातली लाळ ओढून काढली. एक भयंकर घरघर, आणि छाती हलली. ओठांवर हळूहळू रंग आला. सगळा वॉर्ड उभा राहिला होता. पद्मावतीबाईंचे यजमान हेरवाडे मास्तर उशामागे थिजले होते, आणि त्यांचं बोट अजून कळीवरच होतं.

"पण मी इथंच होतो की," ते परत परत म्हणत होते. "इथंच होतो. दाबत होतो की. एकदाही सोडलं नाही."

दिनकरकाकांनी किटली हळूच खाली ठेवली. त्यांनी मास्तरांच्या बोटाकडे पाहिलं, मग पद्मावतीबाईंच्या तोंडाकडे, मग सिस्टरच्या टेबलावरच्या घंटेकडे. आणि ते बाहेर गेले.

ऋतुजा मागोमाग गेली. आवारात कडुनिंबाखाली पाण्याचा नळ होता. काका त्या नळाच्या कट्ट्यावर बसले होते.

"बुवांच्या वक्ताला बी हेच झालं?" त्यांनी विचारलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

'नाही' हा शब्द तिच्या जिभेवर तयार होता. तेरा दिवस तो तिथं बसून होता. नाही काका, त्यांचं वेगळं होतं, तसंही वाचले नसते. एवढं म्हणायचं, आणि म्हातारा उरलेले दिवस उपरणं खांद्यावर टाकून ताठ मानेनं काढेल. पण आत आठ खाटांवर आठ बोटं होती, आणि त्यांना जे सांगायचं ते यांच्याशी खोटं बोलून सांगता आलं नसतं.

"हो," ती म्हणाली.

कडुनिंबाचा पाला हलत होता.

"किती येळ?"

"अर्धा तास. थोडं जास्तच."

"तेवढा येळ मी गात व्हतो."

"हो."

"बुवांस्नी ऐकू येत असंल?"

यावर खोटं बोलायलासुद्धा तिच्याकडे काही नव्हतं. "माहीत नाही, काका."

काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग स्वतःशीच बोलल्यासारखं सुरू झाले. "चाळीस वर्षं हेच केलं बघ. बुवांचा आवाज बसला, की मी वर चढवायचा. बुवा इसरले, की झील लांबवायची. कधी ताप असायचा अंगात, पाय लटपटायचं, पन सभेला कधी म्हणून कळू दिलं न्हाई. लोक म्हणायचं, बुवा काय तयारीचे! मला लई बरं वाटायचं." त्यांनी तळहात उताणे धरून पाहिले. "मी मागं उभा असायचो. मला त्यांची पाठ ठावं. उपरण्याची घडी ठावं. कीर्तनात बुवांचं तोंड कसं दिसतंय, ते म्या कधी बघितलंच न्हाई, ऋतू."

"काका, ती ओळ मी लिहिली. नातेवाइकांची कळ धरायची ती. आणि तुम्हाला सांगितलंही मीच, मान वर न करता, हसत. यादीवर शून्य दिसत होतं म्हणून उठून चार पावलं चालले नाही. मुलगी होते मी."

काका तिला काही समजुतीचं बोलतील अशी तिची आशा असावी. त्यांनी तिचा हात धरला, एवढंच. दोघं तसेच बसून राहिले. आतून कुणीतरी हेरवाडे मास्तरांना पाणी देत होतं, आणि त्यांचं "इथंच होतो की" अजून ऐकू येत होतं.

"त्या मास्तराला कोन सांगनार?" काका म्हणाले.

"मी सांगते सगळ्यांना. नियम तर आत्ताच बदलते. केंद्रालाही लिहून देते, चूक माझी होती म्हणून. तुमचं नाव कुठं येणार नाही."

"न्हाई." ते उठले, गुडघ्यावर हात टेकून. "तू सांगितलंस तर त्यांना वाटंल, बाईनं कायदा काढला. लपून दाबतील. मी बी दाबलं असतं." त्यांनी टोपी घातली, काढली, पुन्हा घातली. "त्यांस्नी मी शिकवलंय."

ऋतुजा काचेच्या खोलीत गेली. नियमातली ती ओळ पडद्यावर आणली. एका ओळीची ती गोष्ट. पुसायला एक क्षण पुरे, पण तिचं बोट थांबलं होतं.

काचेपलीकडे दिनकर गुरव वॉर्डाच्या मधोमध येऊन उभे राहिले. समोर माणसं, मागे कुणी नाही. हातात झांज नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. त्यांनी ते जोडले. खोलीचं दार आज लावलेलं होतं, काचेतून आवाज येत नव्हता. ओठ हलताना दिसत होते, अडखळत, थांबत. ते थांबले की कुणी काही धरत नव्हतं. सगळा वॉर्ड तसाच वाट बघत राहायचा, आणि ते पुन्हा बोलायला लागायचे. मध्येच हेरवाडे मास्तरांनी तोंडावर हात धरला. तिकडच्या कोपऱ्यातल्या बाईनं बोट उचललं आणि विस्तव लागल्यासारखं पदरात लपवलं. मग दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं.

ऋतुजानं ओळ पुसली.

यादीतले आकडे बदलू लागले. एक. एक. तीन. पाच. कुणापुढं अजून शून्य होतं, तो खरंच बोलत होता. दहा मिनिटांनी चौथ्या खाटेची लाईन पडली, आणि सिस्टरच्या टेबलावरची घंटा वाजली. वॉर्डातल्या सगळ्या माना एकदम त्या खाटेकडे वळल्या. काका सर्वांत आधी पोहोचले. उशामागं नाही, पुढ्यात. वाकून त्यांनी त्या परक्या माणसाचा चेहरा पाहिला, अगदी जवळून, बराच वेळ.

मग काचेकडे वळून त्यांनी हात हलवला. झोपलाय.